आचल दगडावर, अंकित खाली

हिंगणी,
बुधवार, १२ नोव्हेंबर

चि. रूपराव,

तुले आन् मोहिनीले सुलोचनाबाईचा आशीर्वाद. वावरातला कापूस फुटला असन. वेचायले बाया भेटल्या का, का याही वर्षी मोहिनीलेच जुंपलं? इकडे थंडी पडली. माहे गुडघे सोडले तर सगळं ठीक हाये.

रविवारपासून तू माहा फोन उचलून नाई राह्यला, म्हणून चिठ्ठी. शेजारची रुख्माबाई रोहण्याले माहेरी चालली, तिच्याजवळ देऊन राह्यली. तिच्यासमोर वाचू नको. ती तुह्या तोंडाकडे पाहून अर्धी चिठ्ठी वाचते आन् उरलेली अर्धी मनानं जोडते.

तुही पोरगी इथंच हाये. जेवते. पातळ वरण-भात, चमच्यानं. काऊन, ते सांगते.

आष्टीवरून तुह्या होणाऱ्या व्याह्यानं, सदाशिवरावनं, सांगतलंच असन का माह्या अंकितले फोटोवाल्या बुढीनं मारलं. बुढी म्हणे! माह्याहून मोठा हाये तो. मिशीले काळं लावते म्हणून काय झालं?

लग्नाआधीचे फोटो मोठ्या बहिणीनं, बाईनंच काढावे, हे तूच म्हटलं होतं ना? फुकटात होते म्हणून. मले का समजत नाई? तर गेलो बोर धरणावर. आचल, अंकित, त्याचा दोस्त रोशन आन् मी. आचल लय गोड दिसून राह्यलती, पिवळ्या ड्रेसवर. तुह्यावर नाई गेली, देवाची कृपा.

अंकितच्या डोक्यात फोटो आधीपासूनच पक्का होता. तो मोठ्या दगडावर, कमरेवर हात. आचल त्याच्या पायाशी, मान वर करून. आन् मी कॅमेरा घेऊन जवळपास जमिनीवर लोळलेली. आमच्या धंद्यात हे पहिल्याच दिवशी शिकवतात. खालून काढला का माणूस पहाडाएवढा होते, वरून काढला का कोंबडीएवढा. ते निवडणुकीचे बॅनर पाह्य, एक तरी वरून काढला हाये का? आन् दुसरं असं का, माणूस जिकडे पाहून राह्यला तिकडे जरा मोकळी जागा ठेवा लागते. नाई ठेवली तर तो डब्यात कोंबल्यासारखा दिसते. अंकितनं आचलले पार कोपऱ्यात बसवलं, नाक त्याच्या गुडघ्याले लागलेलं.

म्या म्हटलं, "जावईबुवा, पोरीसमोर थोडी जागा सोडा. तिले श्वास घेऊ द्या."

"आत्या, ती माह्याकडंच पाहीन ना? जागा कायले पायजे?"

हासत म्हटलं त्यानं. मीही हासली. फोटो काढला. चांगला आला, खोटं कायले बोलू.

मंग मले खोडी सुचली. तुले माही खोड माहीतच हाये. आचलले म्हटलं, तू चढ दगडावर. अंकितले म्हटलं, तुम्ही खाली बसा, तिच्या सँडलचा पट्टा लावून द्या. आन् म्या त्याच्या मागं वाकून फोटो काढला. आभाळात एकटी आचल, ओढणी उडून राह्यली, मागं धरणाचं पाणी. खाली कोपऱ्यात याचं डोक्स आन् अर्धी पाठ. रूप्या, तसा फोटो म्या जिंदगीत काढला नाई.

रोशननं कॅमेऱ्यात पायलं. "अबे अंकित, तू तं मॅडमचा चपराशी दिसून राह्यला!"

आचल वरूनच हासली. तोंड उघडं टाकून, लहानपणी हासायची तशी.

"डिलीट करा," अंकित म्हणे.

"काऊन जी? बायकोच्या पायाशी बसलं का माणूस बुटका होते काय?"

तो वळला, आचलचा पाय धरला आन् दोरीवरचा कपडा ओढावा तशी तिले खाली ओढली. तिचं तोंड दगडाच्या कोरीवर आपटलं. समोरचे दोन दात गेले, ओठ फाटून लोंबला, पिवळा ड्रेस गळ्यापासून लाल. ती उठाले गेली तर त्यानं पोटात लात घातली. "हास आता," म्हणे. "हास ना." आन् अजून एक लात.

माह्या हातात कॅमेऱ्याचा स्टँड होता, लोखंडी, माह्या मालकाच्या, अण्णाजीच्या काळातला. म्या तो दोन्ही हातांनी धरून त्याच्या दंडावर मारला. सुकलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. तो पडला, "आई वं" म्हणे.

इथवर तुले रोशननं सांगतलं असन. पुढचं त्यानं पायलं नाई, तो गाडीकडे पळून राह्यलता. अंकित खाली पडून होता, रूप्या. हात जोडून राह्यलता एका हातानं. आचल तोंडातलं रक्त थुंकून म्हणे, "आत्या, बस." म्या पुन्हा मारलं, गुडघ्यावर. मंग अजून एकदा मारलं. मारायची काही गरज नव्हती. तवा मले अंकित दिसूनच नाई राह्यलता.

तुह्या बैठकीत माहा फोटो हाये ना, लग्नाच्या पहिल्या वर्षाचा. अर्धं तोंड उजेडात, अर्धं अंधारात. येणारा-जाणारा म्हणते, अण्णाजीच्या हातात जादू होती. होतीच. त्या सकाळी त्यानं मले पितळी लोट्यानं मारलं, डोळा सुजून बंद झालता. मंग स्वतःच खुर्चीवर बसवलं, हनुवटी धरून चांगला गाल खिडकीकडे वळवला. म्हणे, "हलू नको. सुंदर दिसतं." सुंदरच दिसली मी. उजेड कुठून घ्यावा आन् काय अंधारात ठेवावं, ते म्या असं शिकलं. पुढं मेल्यावर त्याचा फोटो म्याच मोठा केला, हार घातला, लोकं रडले. मी नाई रडली. मी लाईट बरोबर हाये का ते पाहून राह्यलती.

तू म्हणशीन, बाई, तुह्या चेष्टेपायी झालं. झालं खरं. पण चेष्टा त्याले समजली, म्हणून तर त्यानं मारलं. कोण वर आन् कोण खाली, एवढंच त्या फोटोत होतं, आन् ते त्यानं एका नजरेत वाचलं. उद्या आष्टीच्या घरात दार लावून मारलं असतं, तर तिथं ना मी असती ना स्टँड.

आता खरी गोष्ट. सदाशिवराव तुले म्हणते का लग्न ठरल्या तारखेले लागू द्या, मी तुमच्या बहिणीवरची तक्रार मागं घेतो. मोहिनीनं आचलले फोनवर रडत सांगतलं. आन् तू विचार करून राह्यला. माह्यासाठी करत असशीन तर करू नको. ठाणेदार आला का तिन्ही वार मी स्वतः सांगणार. ठाण्यात म्हणे फोटो काढतात, समोरून आन् बाजूनं. त्या पोराले सांगीन, बाबू, कॅमेरा जरा खाली घे.

एक सांगाचं राह्यलं. त्या लोट्याच्या दिवशी तू मले दिवाळीले न्यायले आलता. तू माहा डोळा पायला. रोहण्याले नेलं, भाऊबीज झाली, आन् दुसऱ्या दिवशी तूच मले बसमध्ये बसवून इथं परत आणून सोडलं. दारातून आतही आला नाई. पोरच होता तू, मिसरूडही धड फुटलं नव्हतं. म्या कधी काही म्हटलं नाई.

आचल अंगणात उन्हात बसली हाये. तिचं तोंड कोणत्याच बाजूनं झाकलं नाई म्या. ये, तिच्यासमोर बैस, पाह्य. पाहायले ये रूप्या, न्यायले येऊ नको.

तुही बाई,
जिले तू दारात सोडलं,
सुलोचना