गाडी भरता भरता इंग्रजी

वालूर, ५ ऑक्टोबर १९८६, रविवार संध्याकाळ

आज माझी चांगली जिरली आणि त्याचा मला आनंद झाला, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो.

माझी विद्यार्थिनी कमल मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास. परीक्षा आठ दिवसांवर, आणि तिच्या बापाची, किसनची, गाडी उद्या पहाटे ऊसतोडीला निघणार. कमल मागे राहणार की कोयता घेऊन जाणार? तिची बाजू मांडायला गेलो. सोबत इन, ऑन, अंडर अशा इंग्रजी शब्दयोगी अव्ययांची यादी. वीस वर्षं तीच घोकवून घेतो, वीस वर्षं पोरं नापास होतात.

कमल गाडी भरत होती. भांडी ठेवली, "इन द कार्ट." गोधड्या रचल्या, "ऑन द पॉट्स." कंदील खाली टांगला, "अंडर द कार्ट." एकही चूक नाही. यादी खिशातच राहिली. वस्तू ठेवायची आणि म्हणायचं! एवढं मला का सुचलं नाही?

"गुरुजी, ही काय बडबडायली?" किसनने विचारलं.

"इंग्रजी. माझ्या शिकवण्यापेक्षा बरं."

"मंग पास व्हईल का?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "आबा, मी गाडीत नसले तरच व्हईन."

किसन बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग गाडीत चढला, कमलचा कोयता शोधून काढला आणि दारात उभ्या, गावीच राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीच्या हातात ठेवायला दिला.

"आक्का, हिला पहाटे उठवत जाय. लय झोपती."