तळघरातलं पुस्तकांचं टेबल

प्रिय कॉर्लिस,

पाकिटावर माझं नाव पाहून तू हे पत्र दोन दिवस तसंच ठेवलं असशील, हे मी धरूनच चालते. चर्चमध्ये आपण आता वेगवेगळ्या बाजूंना बसतो आणि दाराशी गाठ पडलीच तर हवेबद्दल बोलतो. झग्यांची अदलाबदल करत वाढलेल्या दोघींनी यंदा उकाडा फार आहे म्हणून निघून जावं, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा गावातल्या जुन्या वाचनालयावरून गेले. लहानपणी तिथल्या परीकथांच्या पुस्तकात तू राजकन्येचा चेहरा तपकिरी खडूनं रंगवला होतास. तिथल्या बाईंनी जाब विचारला, तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "आमच्यातली एकही नव्हती म्हणून." तुझी आई घरी नेऊन तुला रागावली आणि मग चुलीकडे तोंड करून हसत राहिली. मी पुढे शाळेची ग्रंथपाल झाले, ते मला वाटतं त्या दिवसामुळेच.

शाळेतल्या माझ्या त्या टेबलाबद्दल सगळ्यांचं सगळं बोलून झालंय. कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं, एका टोकाला चिमुरड्यांची, दुसऱ्या टोकाला मोठ्या पोरांची. पण टेव्हियाबद्दल मी तुला कधी सांगितलं नाही. पाण्याच्या टाकीपलीकडे राहायची, सातवीत होती, भर उन्हातही भावाचं जाकीट घालून यायची. पहिल्या दिवशी तिनं पुस्तकं उलटीपालटी केली आणि म्हणाली, "बाई, आपल्या लोकांच्या गोष्टीत कुणी ना कुणी मरतंच. मला रडायचं नाहीये." पोरगी खोटं बोलत नव्हती. गुलामगिरीच्या, मोर्च्यांच्या, गोळी लागून पडलेल्या मुलांच्या गोष्टी आपल्या पोरांना कळायलाच हव्यात. पण दार उघडल्या उघडल्या तेवढंच समोर दिसलं, तर पोर आत कशाला येईल? मी तिला एका मुलीची गोष्ट दिली. ती मुलगी आजीच्या लाँड्रीत बसून गावातल्या चोऱ्या शोधून काढते, आणि आजी बोलते अगदी आपल्या आज्यांसारखी. जेवणाच्या सुट्टीत टेव्हिया कोपऱ्यात बसून वाचत होती. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते हसून. मग तिनं अवकाशयानातली वाचली, भुतांची वाचली, चोरून प्रेमाचीही वाचली. आणि एक दिवस आपण होऊन माझ्यासमोर उभी राहिली. "आता रडवणारं द्या," म्हणाली. "आता चालेल मला."

मग ती तक्रार आली. ही पुस्तकं वाचून माझ्या मुलाला अपराधी वाटतं, असं एका गोऱ्या बापाचं म्हणणं. शाळा मंडळाच्या त्या सभेत मी तुझ्याकडे पाहत होते आणि तू समोरच्या कागदांकडे. चौकशी होईपर्यंत टेबल हलवावं, या ठरावाला सगळ्यांबरोबर तुझाही हात वर गेला. त्या मंडळावर बसलेली आपल्यातली पहिली बाई तू. तुझ्या निवडणुकीसाठी मी दारोदार फिरले होते. बाहेर माझ्या गाडीपाशी येऊन तू म्हणालीस, "व्हर्लीन, मी अडून बसले असते तर त्यांनी आपल्या वस्तीतली बालवाडी बंद केली असती. पुस्तकं काय, पोरांना कुठेही मिळतील." मी गाडी सुरू केली.

बालवाडी चालू राहिली. सकाळी बसमधून उतरणारी ती चिमुकली दप्तरं मी पाहते, आणि तुझ्यापुढे त्या दिवशी काय होतं हे मला आता कळतं. पण कुठेही मिळतील म्हणालीस ना, तेवढं खरं झालं नाही. चौकशी तर अजून संपलेली नाही. शाळेतली माणसं खोकी भरत होती तेव्हा टेव्हिया दारात उभी होती. तिनं मला विचारलं, "आम्ही काही चूक केली का?" मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसलं. त्यानंतर ती ग्रंथालयात फिरकली नाही, आणि पुढे शिकायला मावशीकडे अटलांटाला गेली. आता काही वाचते की नाही, कुणास ठाऊक. तुझ्यावरचा राग कधीच निवला, कॉर्लिस. ही रुखरुख मात्र जात नाही.

निवृत्त झाल्यावर मी चर्चच्या तळघरात शनिवारी टेबल मांडायला लागले, हे तुझ्या कानावर असेलच. वर चर्चच्या जेवणासाठी मासे तळायला घेतले की त्या वासानं पोरं येतात, आणि काही खाली उतरतात. मी आधी पुस्तकाचं नावच काढत नाही. शेवटचं पोट धरून कधी हसलास, कशाला घाबरतेस, घरी कोण कोण आहे, असं विचारत बसते. मग एकच पुस्तक हातात देते. आवडलं नाही तर परत आण म्हणते, मला राग येत नाही. जे मी स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं नाही, ते मुलाला द्यायचं नाही, एवढा एकच माझा नियम.

आणि तोच आता मला पाळता येत नाही. माझ्या डोळ्यांच्या मधोमध एक धुरकट डाग बसलाय आणि तो वाढतोय. कडेचं दिसतं, समोरची ओळ दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत यायचं नाही. हे पत्र मी सांगतेय आणि माझी भाची लिहून घेतेय. ती मध्येच नाक ओढते, तिकडे दुर्लक्ष कर. नवी पुस्तकं येऊन पडली आहेत, आपल्यातल्या किती तरुण पोरी लिहायला लागल्यात, आणि मी नुसती मुखपृष्ठांवरून हात फिरवते. या गावात माझ्याइतकं वाचलेलं दुसरं माणूस तूच. शनिवारी ये. येताना मोकळ्या हातानं ये, पुस्तकं मी देईन. ती घरी नेऊन वाच आणि पुढच्या शनिवारपासून तू पोरांना दे. कुणाची तरी आई तुला नक्की विचारेल, हात वर करणाऱ्या त्या बाई तुम्हीच ना. तेव्हा हो म्हण. मी शेजारच्या खुर्चीत बसलेली असेन.

अजूनही तुझीच,
व्हर्लीन