पुढच्या अंकात तो नाही

९ जानेवारी
पार्सल आलं. अर्जेंटिनातली जुनी क्रीडा साप्ताहिकं, १९४६पासूनची. ह्यांचा सित्राच्या ऑफिसातून दुपारीच फोन — "चारुलता, उघडू नकोस. मी आल्यावर." आले ते बूट न काढता फरशीवरच बसले. फुटबॉल म्हटला की माणूस वेगळाच!

गठ्ठे मागच्या खोलीत ठेवले. ती आमच्या मुलाची, चिरागची खोली. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तो परदेशात, सलालाला, मुलांना फुटबॉल शिकवायला गेला, त्याला सहा वर्षं झाली. "या घरात त्याचं नाव नको," हे म्हणाले होते. नाव निघालेलं नाही. आज इथे लिहिलं, तर अक्षरच अनोळखी वाटलं.

११ जानेवारी
मुखपृष्ठांवर खेळाडूंचे फोटो, वरून रंगवलेले. गाल गुलाबी, ओठ जरा जास्तच लाल. मेलेल्या माणसाला सजवतात तसे.

मोबाईलवर भाषांतर करून वाचते. गोल किती झाले ते थोडक्यात. पाय कसा वळला, चेंडू कसा गोंजारला, यावर रकानेच्या रकाने. "आमचा खेळ मैदानात नाही, गल्लीतल्या धुळीत जन्मला," असं लिहितात. चिराग इथल्या उम्म अल हस्सम वस्तीतल्या पार्किंगमध्ये खेळायचा. कोपरं फोडून यायचा.

१४ जानेवारी
एक कुरळ्या केसांचा आहे, डाव्या बाजूने खेळणारा. दर अंकात सापडतो. आईबरोबर जेवताना, न्हाव्याकडे, कुत्र्याला फिरवताना. त्याच्याबद्दल लिहितात ते घरातल्या पोराबद्दल लिहावं तसं.

१९४९मध्ये एका अंकात आहे. पुढच्यात नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. गठ्ठा संपेपर्यंत शोधला.

१५ जानेवारी
खोलीचं दार लावून घेतलं. तरी कोणीतरी आत बसलंय असं वाटत राहतं.

१९ जानेवारी
जेवताना विचारलं, "त्या कुरळ्याचं काय झालं हो?"

"संप झाला होता खेळाडूंचा. बरेच कोलंबियाला गेले. तोही गेला असेल."

"मग अंकात एक ओळसुद्धा नाही? निदान आपल्याकडच्या अंकांत तरी?"

"गेलेल्याचं कशाला छापतील?"

"आणि मेला असता तर?"

हे आमटी वाढून घेत होते. "मेला असता तर पानभर छापलं असतं," म्हणाले.

ह्यांनी वर पाहिलं नाही.

२२ जानेवारी
चिरागचा जुना नंबर केव्हाच बंद झालाय. दोनदा लावून पाहिला होता, ह्यांच्या नकळत. आज मी ईसा टाउनला गेले, त्याच्या शाळेतल्या मित्राकडे, जयेशकडे. "काकू, तुमच्याकडे नाहीये नंबर?" एवढंच म्हणाला, आणि दिला.

परत येताना टॅक्सीत तो नंबर पाठ झाला. काय बोलायचं असतं सहा वर्षांनंतर?

२४ जानेवारी
मागच्या खोलीत जाऊन फोन लावला.

"आई?"

मी म्हटलं, "बाबांना कळू देऊ नकोस हं."

"बाबांना? बाबा तर दर शुक्रवारी फोन करतात मला. सुरुवातीपासून. तेच म्हणाले, आईला तुझं नावही ऐकायचं नाहीये."

हे हॉलमध्ये आहेत. पानं उलटल्याचा आवाज येतोय.