आईचं ताटावरून उठणं

आबा, तुम्हाला जाऊन एक तप उलटलं तरी तुमच्यावरचा राग अजून तसाच आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग कधी बोलायचं? जिवंत होतात तेव्हा तर तोंड उघडायची सोय नव्हती.

सांगवीच्या घरात आता आई एकटीच असते. मागं ती मोरीत पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली, म्हणून मी घरात रडार बसवलं. कॅमेरा तिला नको होता. "घरात कुणाचा डोळा नको मला," म्हणाली. मी बारामतीत हीच यंत्रं तयार करते. भिंतीवरची ती पांढरी डबी चेहरा बघत नाही. नुसत्या लहरी सोडते आणि माणूस बसलाय, उभा आहे की पडलाय एवढं ओळखते. शिवाय ती शिकते. माणसाची रोजची रीत तिच्या अंगवळणी पडते, आणि वेगळं काही घडलं तरच माझ्या फोनवर इशारा येतो.

सुरुवातीला इशारेच इशारे. आई जेवता जेवता झटकन उठत होती. चक्कर येते की काय म्हणून रविवारी गेले, तिच्यासमोर बसले. रस्त्यावरून कुणाची तरी बुलेट धडधडत गेली आणि आई हातातला घास टाकून उभी.

"काय झालं गं?"

"कुठं काय? पाणी बघाय उठले."

"तांब्या भरलेला हाय की."

"व्हय की," म्हणाली आणि खाली बसली.

तुमची बुलेट वाजली की ती दारात पाणी घेऊन दिसली पाहिजे. एकदा ती जेवत होती. "मी उन्हातनं आलोय आन् ही बसून गिळतीय," म्हणत तुम्ही तिचं ताट अंगणात भिरकावलंत. मग हातपाय धुऊन पाटावर बसलात, आणि तुम्हाला तिनंच वाढलं. गावात मात्र आबा म्हणजे देवमाणूस!

या महिन्यात इशारे थांबले. वाटलं, सुटली बिचारी. नोंदी पाहिल्या तर आई रोज तशीच उठते आहे. रडारनंच शिकून घेतलं होतं की ही बाई ताटावरून उठतेच, त्यात काही वेगळं नाही. सगळ्या भावकीनं जन्मभर हेच केलं. मी बनवलेलं यंत्रसुद्धा शेवटी तुमच्याच बाजूनं झालं, आबा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचं सगळं शिकलेलं पुसून टाकलं, आणि काल मुद्दाम आईच्या शेजारी जेवायला बसले. या वेळी बुलेट गेली तरी तिचा हात धरून तिला खाली बसवून ठेवायचं, असं ठरवूनच आले होते.

हे तुम्हाला पोचणार नाही, पोचवायचंही नाही, म्हणून एवढं सांगते. बुलेट गेली. फोन वाजला. पाहिलं तर स्वयंपाकघरात दोन माणसं, दोन्ही उभी. तांब्या माझ्या हातात होता.