संत्र्याच्या बुंध्याची माती

मोरुगा, त्रिनिदाद
३ जुलै १९८६

चि. क्लोटिल हिस,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, तुला नको असले तरी.

तू माझ्याशी बोलणं टाकलंस, म्हणून हे पत्र कुंपणाच्या तारेला अडकवते आहे. काल तिन्हीसांजेला वाळलेले कपडे काढायला मागे गेले, तर तू बादली घेऊन आईच्या संत्र्याखाली ओणवी! बुंध्याची माती उपसलीस आणि चोरपावलांनी पसार झालीस. माणसाची नाळ पुरलेल्या जागची माती न विचारता कशासाठी नेतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. करणीसाठी! आज सकाळपासून माझा गुडघा टम्म सुजला आहे.

पानं कातरणाऱ्या मुंग्यांवर मी दुकानातली पांढरी पूड टाकली, एवढाच ना माझा गुन्हा? तुझं लसूण-साबणाचं पाणी पिऊन त्या बाळसं धरतात. मुकाट्याने माती परत कर, नाहीतर रविवारी पाद्रीबुवांच्या कानावर घालेन.

लोभ आहे की नाही, ते माती आल्यावर बघू.

युफेमिया

४ जुलै

ती. युफेमियाताईस,
सा. न. वि. वि. राग आहे, तरी नमस्कार वाकूनच.

अगं, माती कसली? मुंग्यांचा उकिरडा नेला! संत्र्यापाशी वारूळ आहे ना, त्यातून त्या जो भुरा कचरा बाहेर टाकतात, तो मी माझ्या रोपांभोवती पसरते. परक्या वारुळाची घाण दिसली की त्या तिकडे फिरकत नाहीत. आणि रिकाम्या हाताने आले नव्हते. माझ्याकडच्या वारुळाचा कचरा तुझ्या संत्र्याभोवती घालून गेले. विचारणार कुणाला? तुझ्या पुडीने माझी ठिपक्यांची कोंबडी मेली, तेव्हा तू साधी कुंपणापर्यंतही आली नाहीस.

झाड तुझ्या बाजूला आलं म्हणून तुझ्या एकटीचं होत नाही, ताई. माझीही नाळ तिथेच आहे. स्वतःच्या नाळेवर कोण करणी करेल? गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांध.

रागावलेली, तरी तुझीच,
क्लोटिल

९ जुलै

चि. क्लोटिल हिस,
आशीर्वाद, या खेपेला मनापासून.

तुझ्या पत्रातल्या एकाही शब्दावर माझा विश्वास बसला नव्हता. वाटलं, करणीचा माल पेरून वर साळसूदपणाचा आव आणते आहे. म्हणून बुंध्याभोवतीचा सगळा कचरा झाडून फेकला आणि तिथे पुडीचा जाड पट्टा ओढला. परवा पाऊस कोसळला. पूड ओढ्याला गेली, मुंग्या मात्र जागच्या जागी. काल उठून बघते तर आईचं संत्रं अर्धं बोडकं झालेलं. तुझ्या अंगणात डोकावले. तुझ्या रोपांना ओरखडासुद्धा नाही. मी तिथेच चिखलात बसून रडले.

उरलेली पानं तरी वाचायला हवीत. ती गेली तर झाड उभं राहायचं नाही, आणि आईचं म्हणून आपल्या दोघींत दुसरं काय उरलंय? झाडापाशी कुंपणाची तार मी कापून ठेवली आहे. तुझ्या कोंबडीच्या बदल्यात माझी तुर्रेवाली बांधून ठेवली आहे, ती घेऊन जा. तुझ्याकडच्या वारुळाचा कचरा मोठी बादली भरून आण. फक्त दिवसाउजेडी ये, म्हणजे बादलीत काय आहे ते मला नीट बघता येईल.

तुझी, आणि तुझ्यावर डोळा ठेवून असलेली,
युफेमिया