लेकरू दिसंल अशी मशीन

छ. संभाजीनगर,
४ मे २०२५

तीर्थरूप आबास सत्यशीलाचा पाया पडून नमस्कार, वि. वि.

इकडं आमी सगळे खुशाल. तुमाला फोनवर ऐकू येत नाय म्हणून कागद घेऊन बसले. चुका निघतील, हसू नका.

बाळंतपणात लागलेली साखर माह्या रक्तातून अजून उतरली नाय. डॉक्टरीणबाई म्हणल्या, रोज भराभर चाल, नायतर ही जन्माला चिकटंल. बाहेर चालावं तर ऋतुराज रांगायलाय, त्याला कुणाच्या भरवशावर टाकू? सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांच्यानं त्याच्यामागं पळणं होत नाय. तवा तुमचे जावई म्हणले, घरातच चालायची मशीन घेऊ.

औरंगपुऱ्यातल्या दुकानात बघून आलो. एक मधल्या किमतीची हाय, मोबाईलला जोडली की किती चालले ते सांगती. दुसरी तिच्या दुप्पट भावाची. तिला टीव्हीएवढा पडदा. त्यात डोंगर दिसतेत, एक बाई इंग्रजीत चाल चाल म्हणती, अन् छातीत धडधड वाढली की मशीन आपणहून हळू होती. ह्यांचं मन मोठीवर बसलंय. तुझ्या जिवापुढं भाव काय बघायचा, म्हणतेत.

पण आबा, मला दोन्हीचंबी भ्याव वाटतंय. शेजारच्या निशाच्या जावेच्या पोरानं चालत्या पट्ट्यामागं हात घातला, बोटं सोलून निघाली. ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली. नाय चालले तर माझं दुखणं, चालले तर लेकराची बोटं. कोणती घेऊ, का घेऊच नको, ते कळवा.

आईला नमस्कार. तब्येत जपा, अन् लेकीवर माया ऱ्हाऊ द्या.

तुमची,
सत्यशीला


वेरूळजवळच्या वस्तीवरून,
९ मे २०२५

चि. सत्यशीलास आबाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. लहानपणी मेंढरामागं चालायचा तुला लई कंटाळा. घोड्यावरच्या बिऱ्हाडात बसवा म्हणून रडायचीस. आता एका जागी चालायला दुकान गाठलंस. तुझ्या आईला वाचून दाखवलं, ती अजून हसायलीय.

भिऊ नको. मशीन किती शहाणी हाय ते मला नाय कळत. पण कळप निघाला की मी मागं का ऱ्हायतो ते तुला ठाव हाय. पुढं चालणाऱ्याला कोकरू दिसत नाय. तसं कर. दुकानात दोन्हीवर चढ, नुसती हात लावून येऊ नको. जावईबापूला सांग, ऋतुराजला समोर खाली बसवा. चालता चालता ज्या मशीनीवरून लेकरू दिसंल ती घरी आण. पडद्यातले डोंगर बघायचे तर इकडं ये, फुकट हायेत.

कोकरं कोंडायची वाघूर हाय, तिचा तुकडा वस्तीवरच्या कडूबासंगं धाडतो. जाळी भिंतीला ताणून बांध अन् तू चालशील तवर ऋतुराजला आत ठेव. रडंल थोडा. कोकरंबी रडतेत.

जावईबापूला अन् विहीणबाईला रामराम. पोराचा पापा घे.

तुझा बाप,
सोनाजी


छ. संभाजीनगर,
१८ मे २०२५

तीर्थरूप आबास सत्यशीलाचा नमस्कार.

तुमी सांगितलं तसं केलं. दुकानदार म्हणला, भाभी, साडी में कैसे चलोगे? मी म्हणलं, घरी साडीतच चालणार हाय, मग इथंबी साडीतच बघते. पदर खोचला अन् चढले.

मोठीवर पट्टा लई मऊ, पाय दुखत नाय. पण समोर तो पडदा. ऋतुराज त्याच्यामागं बसला अन् मला नुसती ती गोरी बाई दिसायली. मान वाकडी करून बघावं तर पाय चुकायला. मधलीवर आकड्यांची बारीक पट्टी, तिच्यावरून पोरगं टोपडं चावताना साफ दिसलं. दोन्हीला लाल किल्ली हाय, तिची दोरी पदराला अडकवायची. ओढली की मशीन जागीच बंद. किल्ली काढून ठेवली की कुणालाच चालू होत नाय.

ह्यांनी तोंड पाडलं. म्हणले, लोकं म्हणतील बायकोसाठी हलकी आणली. मी म्हणलं, लोकांना चालायचं नाय, मला चालायचंय. मधली घेतली. वाघूर पोचली, तिला मेंढराचा वास येतोय म्हणून सासूबाईंनी नाक धरलंय. परवा मशीनीची पूजा घालायची म्हणतेत, ट्रॅक्टरला घालतेत तशी.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्या.

सत्यशीला


छ. संभाजीनगर,
२२ मे २०२५

तीर्थरूप आबास नमस्कार.

पूजेचं सांगते, बसून वाचा. लेकरू बरं हाय, हे आधीच लिहिते.

सासूबाईंनी मशीनीला हळदीकुंकू वाहिलं अन् पट्ट्यावर पुढं नारळ ठेवला. म्हणल्या, देवाचं उचलू नको, तसंच पहिलं पाऊल टाक. मी किल्ली लावून चालू केलं. नारळ पट्ट्यासंगं गडगडत माह्या पायाकडं आला, मी पाय उचलला, तो मागं जाऊन पडला. सगळे हसायले. मी समोर बघितलं तर भिंतीला बांधलेली वाघूर रिकामी. टिळा लावायला सासूबाईंनी ऋतुराजला बाहेर काढून खाली सोडलं होतं. मी मागं वळूनबी बघितलं नाय, दोरी ओढली. मशीन थांबली तवा तो नारळासाठी पट्ट्याच्या पार कडंला येऊन हात लांब करत होता. बोटं टेकली नव्हती.

सासूबाईंनी लेकराला ओढून पोटाशी धरलं. हे म्हणले, आजच्या आज मशीन परत देतो, नको आपल्याला. पण मला वाटलं, आता उतरले तर पुन्हा कधी चढणार नाय, अन् साखर काय माझं भ्याव बघून थांबणार नाय. मी म्हणलं, मशीन कुठंच जाणार नाय. लेकरू जाळीत ठेवा. आई, तुमी त्याच्याजवळ बसा, मी किल्ली काढेपर्यंत त्याला बाहेर घ्यायचं नाय. सासूबाईंना असं मी कधी बोलले नव्हते. त्या जाळीला टेकून बसल्या.

मग पुन्हा चढले. पोरगं जाळीत भोकाड पसरून रडत होतं, मी त्याच्याकडं बघत चालत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढं पुरं चालले, तवाच उतरले.

आईला सांगा, फिकीर करू नको. मायेचा हात डोक्यावर ऱ्हाऊ द्या.

तुमची लेक,
सत्यशीला