पहिला चमचा

अव्वा, मी तुझ्यावर चिडलेय. तू जाऊन एवढी वर्षं झाली, तरी हे तुलाच सांगायचंय, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती नाही.

सोमवारी सोलापुरात अंगणवाडीच्या बायकांचं प्रशिक्षण होतं. तू आयुष्यभर जे काम केलंस, तेच आता मी दुसऱ्यांना शिकवते. हात कसे धुवायचे, खिचडीत डाळ-पालेभाजी किती घालायची, पोरांना रोज अंगणात पळवायचं कसं. आणि खिचडी वाढायच्या अर्धा तास आधी सेविकेनं स्वतः चाखायची, वहीत सही करायची. का? तर काही वाईट असलं तर ते मोठ्या माणसाला आधी कळावं, लेकरांना नाही. एवढं बोलले आणि मैंदर्गीकडची एक बाई उठली. "मॅडम, सोमवारी माजा उपास असतोय. माज्या पोरीला चाखायला दिलं तर चालतंय की?" सगळ्या हसल्या. माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

ती पोरगी मी होते की, अव्वा! मी चुलीपाशी बसलेय, सात-आठ वर्षांची. तू महादेवाला जाऊन आलीयेस, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि फुंकर मारून चमचा माझ्या तोंडाशी धरतेस. "पहिला चमचा माज्या लेकीचा." बाकीची पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसलेली आणि त्यांच्याआधी मला! केवढा तोरा असायचा माझा. सोमवारची वाट बघायचे. इतर दिवशी का मिळत नाही, हे कधी विचारलंसुद्धा नाही.

मग एक दिवस तो चमचा खाल्ला आणि थोड्या वेळानं मी भडाभडा ओकले. तू पाठीत धपाटा घातलास, "कुटं बोरं खाल्लीस गं, हावरट?" मी बोरं खाल्ली नव्हती. तरी "व्हय" म्हणाले. तू म्हणतेस म्हणजे खाल्लीच असतील. तू पातेल्यावर वाकून वास घेतलास आणि सगळी खिचडी उकिरड्यावर ओतलीस. तेल खराब निघालं होतं. संध्याकाळी गावातल्या बायका नारळ आणि खण घेऊन घरी आल्या. "बाईंनी चाखली म्हणून आमची लेकरं वाचली. लई मोठं काळीज बाईंचं!" तू उपास सोडायला शाबूची खिचडी घेऊन बसली होतीस, मान खाली घालून. मी कोपऱ्यात पोट धरून पडलेली, आणि मला तुझा अभिमान वाटत होता.

इतकी वर्षं मी धरून चालले की माझ्यामागून तूही चाखली असशील. तो शाबू मला लख्ख आठवतो, पण शाबू म्हणजे सोमवार, हे डोक्यातच आलं नाही. दिवसभर पाण्याशिवाय तुझ्या तोंडात काही गेलं नव्हतं. देवाला दिलेला शब्द तुला मोडवला नाही आणि तू मला पुढं केलंस. वहीत सही मात्र तुझी.

तू म्हणशील, तसं मनातसुद्धा नव्हतं गं. नसेलच. चमचा देताना तुला खरंच कौतुक वाटत असेल. पण वास घेतल्यावर तर कळलं होतं ना? मग खण घेताना एकदा माझ्याकडं बघायचं होतंस. पुढं कधीतरी, मी मोठी झाल्यावर तरी सांगायचं होतंस की ती बोरं नव्हती. मी अजून बोरं खात नाही, अव्वा.

त्या बाईवर मी केवढ्यानं ओरडले! "पोरीला अजिबात द्यायचं नाही. उपास मोडा, नाहीतर शेजारच्या मोठ्या बाईला बोलवा." तिचा चेहरा एवढासा झाला. मग दर प्रशिक्षणात शेवटी सांगते ती तुझी गोष्ट सांगायला घेतली. चाखण्यापाशी आले. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

तूच चाखलीस, असंच सांगितलं.